नवे निवेदक आणि वऱ्हाडचा श्रोता

नभोवाणीवरील शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमांस नवे निवेदक आले, कीं जुन्या श्रोत्यांची कुरकुर सुरू होते. आणि ती सुरू झाली, कीं तिची थट्टा करणारेहि लगेच पुढें सरसावतात. अमरावती व अकोला या दोन शहरांतील, गाण्याची गोडी असलेल्या ज्या कुटुंबांशीं आमचा परिचय आहे, त्यांच्यांत हा वाद आम्हीं अनेक वेळां ऐकला आहे. वडील मंडळींचें म्हणणें असें, कीं हल्लींचे निवेदक फार बोलतात, उगाच हसतात, आणि जें सांगावयास हवें तेवढें मात्र सांगत नाहींत. तरुण मंडळींचें म्हणणें असें, कीं जुने निवेदक आगगाडीचें वेळापत्रक वाचल्यासारखे बोलत, आणि त्या सुतकी आवाजामुळेंच आमची पिढी या संगीतापासून दूर राहिली. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं वादाचा विषय नीट पाहिलेला नाहीं. आवाज गोड कीं कोरडा, बोलणें थोडें कीं फार, हा यांतील मुख्य प्रश्नच नव्हे. वऱ्हाडांतील श्रोत्यानें निवेदकाकडे एक काम सोपवलें होतें. तें काम पुढें होणार कीं नाहीं, एवढाच खरा प्रश्न आहे.

तें काम कोणतें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. वऱ्हाड गाण्यास पारखा होता, असें कोणी म्हणूं नये. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचें 'रणदुंदुभि' हें नाटक १९२७ सालीं रंगभूमीवर आलें आणि मास्तर दीनानाथांच्या गळ्यानें त्यांतील पदें महाराष्ट्रभर गाजलीं. वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० सालचा, अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूरचा. परंतु वसंतरावांची तालीम व्हावयाची ती नागपुरास व लाहोरास, आणि नांव व्हावयाचें तें पुण्यास. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, अत्रौली हीं घराण्यांचीं गांवें; त्यांत वऱ्हाडांतील एकाहि गांवाचें नांव नाहीं. नाटकांनीं आमच्या लोकांचे कान तयार केले, सूर ओळखीचे झाले. पण त्या सुरांच्या विशिष्ट मांडणीस काय म्हणतात, हें विचारावयाचें कोणाला? गाणें शिकविणारे गुरुजी होते, उत्सवांत बैठकी होत. तथापि वर्षांतून चार बैठकी ऐकून ज्यांची तहान भागत नसे, अशा शाळामास्तरांस, वकिलांस, सरकींच्या व्यापाऱ्यांस आणि त्यांच्या घरांतील बायकामुलांस रोजची शाळा अशी एकच होती. नागपूरचें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. अमरावती-अकोल्याच्या दिवाणखान्यांत ख्याल रोजच्या रोज येऊं लागला, तो त्या तारखेपासून. १९५२ सालीं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम निघाला आणि पुढें शनिवारची रात्र म्हणजे साडेनऊ ते अकरा हें कित्येक घरांतलें ठरलेलें गणित झालें.

या शाळेंत एक खेळ चालत असे. तो कोणीं शोधून काढला, हें सांगण्याची गरज नाहीं. ज्या घरीं रेडिओ आणि दोन तरी कानसेन होते, त्या घरीं तो आपोआप उत्पन्न झाला. रेडिओ लावावयास हटकून उशीर होई. गाणें निम्में होऊन गेलेलें असे. मग वडील मुलास विचारीत, "सांग, काय चाललें आहे?" मुलगा चाचरत "भूप" म्हणे. आंतून, पोळ्या लाटतां लाटतां, आई म्हणे, "भूप कसला, देशकार असेल, वेळ पाहा ना सकाळची." वडील कांहींच न बोलतां मान हलवीत; ती मान होकाराची कीं नकाराची, हें मुद्दामच कळूं देत नसत. मग द्रुत संपेपर्यंत सारें घर थांबून राही. तंबोऱ्याचा झंकार विरे, क्षणभर कांहींच ऐकूं येत नसे, आणि मग तो आवाज येई: अमुक यांनीं अमुक राग गायिला, तबल्यावर अमुक, सारंगीवर अमुक. निकाल लागला! त्या निकालावर अपील नसे. हरलेला मुलगा हिरमुसला होई. पण देशकार म्हणजे काय, हें तो जन्मभर विसरत नसे.

निवेदक म्हणजे आमच्या दृष्टीनें या खेळांतला पंच होय. त्याचा गळा कसा आहे, यापेक्षां त्याचा निर्णय बरोबर आहे कीं नाहीं, याला महत्त्व अधिक. ज्यास हें पंचाचें काम ठाऊक नाहीं, त्याला श्रोत्यांचा संताप विनाकारण वाटेल. "नांव थोडें चुकलें, त्यांत काय एवढें?" असा प्रश्न आम्हीं सुशिक्षित माणसांच्या तोंडूनहि ऐकला आहे. त्यांना आम्ही इतकेंच सांगूं, कीं भूप आणि देशकार या दोघांचे स्वर तेच पांच आहेत. फरक आहे तो कोणत्या स्वरावर वजन पडतें यांत. भूपांत गंधार श्रेष्ठ, देशकारांत धैवत. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांतहि तेच सहा स्वर. पंचम तिघांनाहि वर्ज्य. पूरिया खालच्या सप्तकांत रमतो, सोहनी वर तार षड्जाभोंवतीं खेळते, मारवा ऋषभ-धैवतांवर अडून बसतो. स्वर मोजून येथें निर्णय होत नाहीं. चाल ओळखावी लागते, आणि ती ओळखतां येण्यास शेंकडों वेळां ऐकून, प्रत्येक वेळीं खरें नांव कळावें लागतें. तेथें 'पूरिया धनाश्री' या नांवांतील दुसरा शब्द वाचतांना गळाला, किंवा 'जोग' आणि 'जोगिया' यांत कांहीं भेद आहे हेंच वाचणाऱ्यास ठाऊक नसलें, तर ऐकणाऱ्या मुलाच्या मनांत एका माणसाचें नांव दुसऱ्याच्या चेहऱ्यास चिकटतें. घरांत जाणता माणूस असेल तर ठीक. नसेल तर ती चूक वीस वर्षेंहि दुरुस्त होत नाहीं. पुण्या-मुंबईच्या मुलाला उद्यां दुसरीकडे ऐकून खरें काय तें कळेल. वऱ्हाडांतल्या आडगांवच्या मुलाला कोठें कळणार?

सांथीदारांचीं नांवें गाळण्याची जी नवी रीत कांहीं ठिकाणीं दिसते, तिचाहि विचार येथेंच केला पाहिजे. मुख्य कलावंताचें नांव मोठ्या थाटानें, दोन विशेषणें लावून सांगावयाचें आणि तबला कोणीं वाजविला, पेटी कोणाची, तंबोऱ्यावर गळ्याची साथ कोणाची, याचा उल्लेखच करावयाचा नाहीं, ही आमच्या मतें निव्वळ कृतघ्नता आहे. विशेषणांस लागणाऱ्या वेळांत तीं तीन नांवें सहज बसलीं असतीं. श्रोता तबलजीस तोंडानें ओळखत नाहीं, त्याची तसबीर पाहत नाहीं. केंद्रावरून नांव सांगितलें तरच तो तबलजी त्याच्यापुरता जगांत असतो. गंमत अशी, कीं नांव सांगण्याचें महत्त्व गाणाऱ्यांना निवेदकांच्याहि आधीं कळलें होतें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरवलें गेलें, तेव्हां गाणें संपतां संपतां तिनें स्वतःचें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगून टाकलें. तबकड्या तयार व्हावयाच्या जर्मनींत. तेथल्या कारागिरास हा आवाज कोणाचा, हें कळावें, एवढाच त्यांतील व्यवहार. आमच्याकडील निवेदनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचें पहिलें वाक्य तिचें होय, असें आम्ही समजतों. आणि तें वाक्य अगदीं लहान आहे.

मग बोलकेपणा आला कोठून? तो शास्त्रीय संगीतांतून आलेला नाहीं, हें निश्चित. १९५२ सालीं बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांचा त्यांना मनस्वी तिटकारा. तीं गीतें आपल्या केंद्रांवरून जवळजवळ हद्दपार झालीं आणि श्रोते उठून सिलोनकडे गेले. तेथें अमीन सयानी यांनीं रेडिओवर बोलण्याची एक नवीच तऱ्हा रूढ केली. समोर बसलेल्या माणसाशीं बोलावें तसें ते लाखोंशीं बोलत. पुढें ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविधभारती निघाली आणि ती तऱ्हा हळूहळू सरकारी ध्वनिक्षेपणांतहि शिरली. आम्ही त्या तऱ्हेचे निंदक नाहीं. सयानी २०२४ सालीं वारले, तेव्हां वऱ्हाडांतल्या जुन्या श्रोत्यांसहि घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें असेल, यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु तीन मिनिटांच्या गाण्यास शोभणारें बोलणें तीस मिनिटांच्या ख्यालास शोभतेंच असें नाहीं. गीताच्या अलीकडे-पलीकडे गप्पा मारतां येतात, कारण गीत संपलें कीं संपतें. ख्याल संपल्यावर तो श्रोत्याच्या कानांत आणखी थोडा वेळ चालूच असतो. जुन्या निवेदकाचें तें क्षणभर थांबणें अनेकांस कोरडेपणाचें वाटलें. आमच्या मतें तें गाण्याचें शेवटचें आवर्तन पुरें होऊं देणें होतें. शेवटच्या समेच्या पाठोपाठ "वाहवा! मंडळी, कसें वाटलें?" असें जो ओरडतो, तो ज्याची स्तुति करतो त्याच्याच गाण्यावर पाय देतो.

हा तंटा आमच्याच मुलखांतला आहे, असें मात्र नाहीं. बी.बी.सी. च्या अभिजात संगीताच्या तिसऱ्या केंद्रावर १९९५ सालीं पॉल गॅम्बाचिनी यांची सकाळच्या कार्यक्रमावर योजना झाली. हे गृहस्थ तोंवर लोकप्रिय पाश्चात्त्य गीतांच्या कार्यक्रमांमुळें प्रसिद्ध. तीनच वर्षांपूर्वीं, १९९२ सालीं, 'क्लासिक एफ्‌एम्' नांवाचें खासगी केंद्र निघून त्याकडे श्रोत्यांची रीघ लागली होती. त्या भीतीनें ही योजना झाली, हें उघड होतें. जुन्या श्रोत्यांनीं मोठा गदारोळ केला आणि तो कार्यक्रम फार काळ टिकला नाहीं. आम्हांस त्यांतून लक्षांत घेण्याजोगी वाटते ती गोष्ट निराळीच. तेथल्या श्रोत्याजवळ संगीतगृहें होतीं, छापील कार्यक्रमपत्रिका होत्या, कपाटभर तबकड्या होत्या. निवेदक आवडला नाहीं, तरी रचनेचें नांव शोधण्यास त्याला दुसरी वाट होती. म्हणून त्याचा राग मुख्यत्वें अभिरुचीचा होता. आमच्या श्रोत्याच्या रागांत अभिरुचीपेक्षां गरज अधिक आहे. दोन्ही ठिकाणच्या तक्रारींचे शब्द तेच असतील. परंतु एकाचा खानसामा बदलला आणि दुसऱ्याची शाळा बंद पडली, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत.

आतां श्रोत्यांनाहि दोन शब्द ऐकवले पाहिजेत. त्यांच्या तक्रारींत निम्मा भाग केवळ संवयीचा असतो. नवा आवाज कानाला खुपतो, कारण तो जुना नसतो. तीन महिन्यांत तोच आवाज घरचा होतो. ही तक्रार काळ बरी करतो. अज्ञानाची तक्रार काळ बरी करीत नाहीं. परंतु आमचे श्रोते दोन्ही एकाच श्वासांत करतात, आणि त्यामुळें ऐकणारा अधिकारी पहिलीस हसतांना दुसरीसहि हसून मोकळा होतो. शिवाय ज्यांच्यावर आपण रागावतों, त्यांची स्थिति काय आहे, हें पाहणें न्यायाचें होईल. पूर्वीं निवेदक नोकरींत कायम असे. तीच सभा, तेंच संग्रहालय, तेच कलावंत वर्षानुवर्षें हाताखालून गेल्यामुळें राग ओळखण्यास तो स्वतःच शिके. आतां कित्येक ठिकाणीं हें काम नैमित्तिक उद्घोषकांकडे असतें. महिन्यांतून मोजक्या पाळ्या, पाळीपुरतें मानधन, आणि आज चित्रगीतें तर उद्यां शेतीविषयक माहिती. असा तरुण संध्याकाळीं पांच मिनिटें आधीं कागद हातांत घेतो आणि त्यावर 'मधुवंती' आणि 'मधमाद सारंग' हीं नांवें पाहतो. त्यास तीं कोणीं कधीं ऐकवलीं, समजावलीं? दोष त्याच्या जिभेचा थोडा आणि व्यवस्थेचा फार.

त्यांतहि कांहीं नवे निवेदक जुन्यांहून सरस काम करतात, हें कबूल करण्यास वडील मंडळी तयार नसतात. जुने निवेदक नांव सांगत, पण नांवापलीकडे कांहीं सांगत नसत. 'विलंबित एकताल' हे शब्द कित्येक घरांत एखाद्या मंत्रासारखे, अर्थ न कळतां, पाठ झाले होते. विविधभारतीच्या 'संगीत सरिता' या लहानशा कार्यक्रमानें ही उणीव पुष्कळ भरून काढली. रागाचे स्वर सांगावयाचे, जाणत्याकडून ते गाऊन दाखवावयाचे, आणि त्याच रागावरचें एखादें ओळखीचें चित्रगीत ऐकवावयाचें. इतक्यानें आमच्या कित्येक भगिनींस, ज्यांना बैठकींस जाण्याची मोकळीक कधींच मिळाली नाहीं, घरकाम करतां करतां रागज्ञान झालें. तेथेंहि बोलणें पुष्कळच होतें. पण त्या बोलण्याच्या शेवटीं श्रोत्याजवळ पूर्वीं नव्हतें असें कांहीं तरी असे. एखादा नवा निवेदक आज गाण्यापूर्वीं एवढेंच म्हणाला, कीं "यांत पंचम येणार नाहीं, तो नसल्यामुळें काय होतें तें ऐका," तर त्याचीं हीं दोन वाक्यें शंभर विशेषणांहून मोलाचीं आहेत. आणि अशा निवेदकास आवाज पातळ आहे म्हणून नांवें ठेवणारा श्रोता स्वतःचेंच नुकसान करून घेतो.

आणखी एका तक्रारीबद्दल आम्हांस स्पष्ट लिहिणें भाग आहे, कारण ती आमच्याच घरांतून निघते. अकोल्यास आकाशवाणीचें केंद्र झालें आणि वऱ्हाडी मुलामुलींस वऱ्हाडांतच ध्वनिक्षेपकासमोर बसण्याची संधि मिळाली. एरवीं वऱ्हाडी बोली रेडिओवर यावयाची ती शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांत किंवा हंसें पिकवावयाचें असेल तेव्हां. शास्त्रीय संगीताचें निवेदन करतांना एखाद्या मुलीच्या तोंडीं 'ळ' चा 'य' होऊन 'सकाळ' ची 'सकाय' झाली, कीं अमरावतीचे पदवीधर कपाळास आठी घालतात. तेच गृहस्थ, चार शब्दांत दोन इंग्रजी शब्द कोंबून बोलणाऱ्या मुंबईच्या निवेदकास "काय सफाईदार बोलतो!" म्हणून मान डोलवतात. आम्ही त्यांस विचारतों, 'सकाय' या शब्दानें कोणाची दिशाभूल झाली? त्या मुलीनें रागाचें नांव नेमकें सांगितलें, तबलजीचें नांव सांगितलें, गाणें संपल्यावर घटकाभर थांबली. पंचाचें काम तिनें चोख केलें. प्रमाण उच्चार तिनें अवश्य शिकावे, त्याविषयीं वाद नाहीं. तथापि उच्चाराच्या दोषांस ज्ञानाच्या दोषांच्या पंक्तीस बसविणें, हा वऱ्हाडी माणसाचा जुना न्यूनगंड आहे, संगीतप्रेम नव्हे.

कोणी म्हणेल, आतां या साऱ्या चर्चेचा उपयोग काय? २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची 'रागम्' ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी चालू झाली. हातांतल्या फोनवर पाहिजे तो गवई पाहिजे तेव्हां ऐकतां येतो. आणि रागाचें नांव पडद्यावर लिहिलेलेंच असतें. हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण पडद्यावरचें तें नांव पुष्कळदां कोणा हौशी माणसानें घातलेलें असतें. त्यास जबाबदार कोणीच नाहीं, आणि भूपाच्या जागीं देशकार लिहिलेला आम्हीं तेथें पाहिला आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडद्यावर नांव गाण्याच्या आधीं दिसतें. कानानें कांहीं करावयाच्या आंत डोळा उत्तर देऊन मोकळा होतो. मुलगा "भूप" म्हणून चुकत नाहीं, आई आंतून दुरुस्ती करीत नाहीं, वडिलांस मान हलविण्याचें कारण उरत नाहीं. ऐकून तर्क करावयाचा, तर्क पणास लावावयाचा आणि निकालासाठीं अर्धा तास निमूट बसावयाचें, ही जी कानाची तालीम, ती ज्यानें नांव शेवटीं सांगितलें त्या माणसामुळें होत होती.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांनीं केंद्रांस पत्रें लिहावयाचीं, तर आवाजाविषयीं लिहूं नयेत. गाण्याच्या आधीं नांव सांगितलें असलें तरी तें संपल्यावर पुन्हां सांगावें; सांथीदार सारे सांगावे; निवेदकांस, मग ते नैमित्तिक कां असेनात, महिन्यांतून एकदां एखाद्या जाणत्या गवयापुढें बसवावें. आणि नांव चुकलें, तर दुसऱ्या दिवशीं त्याच वेळेस चूक सांगावी. वर्तमानपत्रें शुद्धिपत्र छापतात; नभोवाणीस त्याची लाज कां वाटावी? "काल सकाळीं आम्ही भूप म्हणालों, तो देशकार होता," एवढें म्हणण्यास पांच सेकंदहि लागत नाहींत.